घड्याळ कुठून सुरू करायचं?

रुग्णालयातलं औषधालय किती चपळ आहे, हे हल्ली संगणक सांगतो. डॉक्टरांनी औषध नोंदवलं की एक वेळ उमटते, फार्मासिस्टने ऑर्डर तपासून स्वीकारली की दुसरी, औषध दिलं की तिसरी. वजाबाकी केली की झाली कामगिरी.

पण खिडकीमागची मंडळी काही दूधखुळी नाहीत. घड्याळ ‘ऑर्डर स्वीकारली’पासून पळतं ना? मग स्वीकारायचीच सवडीने. आणि ‘दिलं’चं बटण गोळ्या मोजायच्या आधीच दाबून मोकळं व्हायचं. पडद्यावर औषध केव्हाच पोहोचलेलं असतं; वॉर्डातली सिस्टर मात्र फोन करून करून थकते. दोन औषधं एकमेकांशी भांडतील असा इशारा आला, तर तो न वाचता बंद करायचा. अहवालात तोही ‘हाताळला’.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्येच सांगितलं होतं, की आकड्याला लगाम बनवलं की तो भरवशाचा राहत नाही. तो बिचारा चलनाबद्दल बोलत होता.

सगळ्यांत देखणा आकडा उपलब्धतेचा. सरकारी दवाखान्यात कित्येकदा नसलेलं औषध संगणकात नोंदवतच नाहीत. पाठकोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहून म्हणायचं, ‘बाहेरून आणा.’ मागणीच नोंदली नाही, तर तुटवडा दिसणार कुठून? पूर्तता शंभर टक्के!

समोरचा मेडिकलवाला मात्र रोज रात्री वहीत लिहून ठेवतो, उद्या काय जास्त मागवायचं ते.