एनटीएससीरावांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. एनटीएससीराव, मुक्काम अमेरिका, यांस

सा. न. वि. वि.

आपण अमेरिकेची टीव्ही-पद्धत, आपली प्रत्यक्ष ओळख नाही. पण आपल्यापायी आमच्या थोरल्या आत्याबाईंना दोन तोंडे फुटली, तेव्हा लिहिणे भाग आहे.

2007 साली मिरजेला भाचीचे लग्न झाले. जावई न्यू जर्सीतल्या एडिसनचे. त्यांच्या मातोश्रींना गुडघ्यांमुळे येता आले नाही, म्हणून लग्नाची डीव्हीडी धाडली. त्यांच्या प्लेअरने ती आत ओढली, जरा घरघर केली आणि ओकून टाकली. आधी आम्हाला वाटले रीजन कोडची भानगड असेल. भारताचा 5, अमेरिकेचा 1. पण शूटिंगवाल्याने दुकानात बसून कॉपी केलेल्या तबकडीला कसला आलाय रीजन! नडत होतात ते आपण. आमचे लग्न लागले होते आमच्याकडच्या ‘पाल’ टीव्ही-पद्धतीत, म्हणजे सेकंदाला 25 चित्रे. आपले सोवळे वेगळे. युरोपातले बहुतेक प्लेअर दोघांच्याही पंक्तीला बसतात. अमेरिकेतल्या बहुतेकांना आपल्या घरचेच लागते.

यात आमची काही हौस नव्हती, हे आधी सांगतो. दूरचित्रवाणी जन्मली तेव्हा पडद्याचा ठेका घरातल्या विजेशी जुळवला गेला, नाहीतर चित्रावर पट्टे सरकत राहायचे. आमच्याकडची वीज सेकंदाला 50 फेरे घेते, तुमची 60. त्याच्या निम्मी चित्रे: आमची 25, तुमची 30. हे न्यायाचे आहे. (जपानने मात्र कमाल केली. पूर्वेला 50 ची वीज, पश्चिमेला 60 ची, आणि टीव्ही देशभर आपलाच!) 1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या सुमारास आमच्याकडे रंग आला, तो जर्मनीच्या वाल्टर ब्रुखसाहेबांच्या पालमधून. ते एकाआड एक रेषेत रंगाचा कल उलटा करतात, म्हणजे एकीची चूक दुसरी झाकते; अगदी एकत्र कुटुंबासारखे. आपल्या टीव्हीला मात्र रंगछटेचे वेगळे बटण ठेवावे लागे. आपल्या नावाची फोड तिकडचे इंजिनिअरच ‘एकच रंग दोनदा दिसणे नाही’ अशी करत. अर्थात डीव्हीडीवर रंग आकड्यांत साठवलेले असतात, त्यामुळे शालू विटका दिसला तर तो दोष आपला नाही. तेवढे आम्ही मानतो.

तर 30 असते तर सोसले असते. आपल्याला हवीत 29.97!

हे 0.03 कुठे गेले याचा शोध घेतला. 1953 साली आपल्याला रंग चढला. पण घरोघरी आधीचे कृष्णधवल संच होते, ते निकामी होऊ द्यायचे नव्हते. रंगाची नवी लहर आणि आवाजाची जुनी लहर एकमेकींत अडकून पडद्यावर ठिपके नाचू लागले असते. आवाज तसूभर सरकवला असता तरी भागले असते, पण जुन्या संचांच्या धास्तीने त्याला हात लावला नाही. चित्रालाच हजारात एक भाग मंद केले. म्हणजे तिकडच्या कुणा आजोबांच्या कृष्णधवल पेटीवर ठिपके येऊ नयेत म्हणून, 54 वर्षांनी मिरजेत आमच्या आत्याबाईंची ही दशा!

ती दशा सांगतो. शूटिंगवाला म्हणाला, “साहेब, कन्व्हर्ट करून देतो, तीनशे रुपये जादा.” त्याने दर पाच चित्रांमागे एक चित्र पुन्हा दाखवून पाचांची सहा केली. तबकडी लागली, पण वरात लंगडत चालली. सेकंदाला पाच ठेचा. घोडासुद्धा बिचकल्यासारखा दिसे. उभ्यात 576 रेषांच्या 480 करताना अक्षता टाकणाऱ्या हातांना फणीसारखे दात आले ते निराळेच. विहीणबाईंनी फोनवर विचारले, “तुमच्याकडच्यांना कंपवात आहे का?”

मग दुसरा प्रयोग, आणखी पाचशे रुपये. आता चित्र पुन्हा न दाखवता शेजारची दोन मिसळून मधले नवे तयार केले. हालचाल बरीचशी सुधारली. पण अंतरपाट दूर झाला त्या घटकेला आत्याबाई एका चित्रात हसत होत्या आणि पुढच्यात डोळे पुसायला वळल्या होत्या. मधल्या चित्रात त्या दोन्ही करतात, दोन तोंडांनी. असा क्षण मिरजेत घडलाच नव्हता, तो खास आपल्यासाठी बनवला. आम्ही पंचांगवाले, अधिक मास घालणे आम्हाला नवे नाही. पण तो तीनेक वर्षांत एकदा येतो, सेकंदाला पाचदा नाही.

क्षयतिथीही आपल्याकडे आहे, हे कळल्यावर थोडी आपुलकी वाटली. 29.97 ला 30 म्हणून मोजले की तासामागे 3.6 सेकंदांची चूक पडते. ती काढायला दर मिनिटाला चित्रांचे दोन क्रमांक गाळतात, पण दहावे मिनिट आले की गाळत नाहीत. चित्र एकही जात नाही, नुसते आकडे जातात. आमचे गुरुजी हे ऐकून म्हणाले, “शास्त्राला धरून आहे.”

शेवटी भाचीने पहिलीच, पालची तबकडी सहज लॅपटॉपमध्ये घातली. सुरळीत लागली. कॉम्प्युटरला ना आपले सोयर ना पालचे सुतक. विहीणबाईंनी मांडीवर लॅपटॉप घेऊन अख्खे लग्न पाहिले. आठशे रुपयांचे कुणी बोलले नाही.

12 जून 2009 रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी आपले जुने प्रक्षेपण बंद केले, तेव्हा आम्ही मनात पेढे वाटले. ते फुकट गेले. जुन्या रेषा गेल्या, काचेच्या नळ्या गेल्या, त्या आजोबांची पेटी कधीच भंगारात गेली, पण 0.03 नव्या डिजिटल घरातही ठाण मांडून आहे.

पुढच्या महिन्यात भाचीच्या मुलाची मुंज आहे, मिरजेलाच. जावई तिकडून 59.94 चा कॅमेरा आणणार आहेत, आमचा शूटिंगवाला 50 चा. कार्यालयात जुन्या चोकच्या ट्यूबलाइट, त्या जावयांच्या कॅमेऱ्यात थरथरणार. आणि दोन्हींची मिळून एकच फिल्म करायची असे ठरले आहे. आत्याबाई आता 91 वर्षांच्या आहेत. त्यांनी निरोप दिलाय की या खेपेला त्या मागच्या रांगेत बसतील.

कळावे, लोभ होता तेवढा पुरे.

आपला,
सेकंदाला 25 वेळा,
वधूचा मामा