छत्तिसावा अडथळा

बंदुकीचा आवाज कानात शिरून मेंदूपर्यंत पोचायला आणि मेंदूने पायांना 'पळा' म्हणायला माणसाला निदान एक दशांश सेकंद लागतोच, असं अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांनी ठरवून टाकलं आहे. त्याच्या आत हललात तर तुम्ही आवाज ऐकून नव्हे, अंदाजाने निघालात असं धरतात आणि थेट घरचा रस्ता दाखवतात. त्यासाठी स्टार्टिंग ब्लॉकमध्ये पायाचा दाब टिपणारी यंत्रणा असते. कडेच्या लेनमधल्याला आवाज उशिरा ऐकू जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या पाठीमागे वेगळा स्पीकरही असतो. एकूण बंदोबस्त चोख.

२०२२ च्या जुलैत जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा अमेरिकेतल्या युजीन गावी भरली, तेव्हा ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत डेव्हॉन अ‍ॅलन हा घरचाच गडी होता. त्याच मैदानावर, ओरेगन विद्यापीठात, वाढलेला. उपान्त्य फेरीत तो बंदुकीनंतर ०.१०१ सेकंदाने हलला आणि निभावलं. अंतिम फेरीत हलला ०.०९९ सेकंदाने. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका लवकर. लाल कार्ड! गावाने मनसोक्त हुर्यो केली, अ‍ॅलन पंचांशी बोलत राहिला, पण यंत्र कुणाचं ऐकत नाही. एक हजारांश सेकंद वाया गेल्याचं दुःख मला एरवी कधी झालेलं नाही. सकाळचे दोन तास मी सहज घालवतो. तरी त्या दिवशी माझाच काहीतरी ऐवज लंपास झाल्यासारखं वाटलं.

युजीनची संध्याकाळ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ. त्यामुळे ही स्पर्धा आमच्या घरी चहाच्या आधणाबरोबर चालायची. गाव तसं छोटं, पण पळण्याचं वेड जुनं. इथलेच प्रशिक्षक बिल बोवरमन. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बायकोच्या वाफल करायच्या साच्यात रबर ओतलं आणि बुटाचा नवा तळवा काढला. पुढे त्यातून नायकीचं केवढं साम्राज्य उभं राहिलं ते आपण जाणतोच. साचा मात्र कामातून गेला. आपल्याकडे कुणी अप्पेपात्रात रबर ओतलं असतं तर त्या घरातून साम्राज्य नव्हे, संशोधकच बाहेर निघाला असता.

अ‍ॅलन बाद झाला त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत होती, आणि तिच्यात आपला अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. महार रेजिमेंटमधून सियाचीनची थंडी आणि राजस्थानचं ऊन, दोन्ही पाहून आलेला जवान. ही शर्यत मुळात इंग्लंड-आयर्लंडकडची. एका चर्चच्या शिखरापासून दुसऱ्या चर्चच्या शिखरापर्यंत, वाटेतली कुंपणं नि ओढे ओलांडत जायचं. आता ओढा ट्रॅकच्या कडेलाच बांधून काढतात. ३.६६ मीटर लांबीचा हौद, अडथळ्याजवळ खोल आणि पुढे पुढे उथळ होत जाणारा. उडी जितकी लांब, तितकं भिजणं कमी. लाकडाचे अडथळे तर हर्डल्ससारखे पडतही नाहीत. धडकलात तर पडायचं तुम्हीच. असे २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथल्या मुलाने पाण्याला इतकं चुकवत पळायचं, हे मला दर वेळी जरा गमतीचं वाटतं.

तर शर्यत सुरू होती. सगळे एकमेकांकडे बघत, सावकाश, कुणीच पुढाकार घेईना. आणि मध्येच ट्रॅकवर एक कॅमेरावाला! धावपटूंकडे पाठ, डोळा कॅमेऱ्याला आणि कॅमेरा तिहेरी उडीकडे. तल्लीन. मागून जगातले उत्तमोत्तम स्टीपलचेसपटू येत होते आणि हा गृहस्थ लग्नाच्या मांडवात वधूपक्षाने नेमल्यासारखा निवांत उभा. घोळक्याने त्याला वळसा घातला आणि शर्यत पुढे गेली. २८ अधिक ७ म्हणजे ३५ अडथळे नियमात लिहिलेले. हा छत्तिसावा!

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, आधी हायसं वाटलं. काल जिथे यंत्राने एक हजारांश सेकंदासाठी माणूस घरी पाठवला, तिथे आज एक अख्खा माणूस ट्रॅकवर उभा राहिला आणि एकाही यंत्राने हूं की चूं केलं नाही. वाऱ्याचासुद्धा हिशेब ठेवणारी ही मंडळी! त्याच स्पर्धेत नायजेरियाच्या टोबी अमुसानने १०० मीटर अडथळ्यांच्या उपान्त्य फेरीत १२.१२ सेकंदांचा विश्वविक्रम केला, आणि अंतिम फेरी १२.०६ मध्ये जिंकली. पण ही दुसरी वेळ विक्रमात धरली नाही, कारण पाठीमागून वारा सेकंदाला अडीच मीटर होता. दोन मीटरपर्यंतच चालतो. वाऱ्याला मर्यादा आहे, कॅमेरावाल्याला नाही.

कॅमेरावाल्यांचं आणि या स्पर्धेचं काहीतरी जुनंच आहे. २०१५ साली बीजिंगला उसेन बोल्ट २०० मीटर जिंकून आरामात हात हलवत चालला होता. तेवढ्यात सेगवेवर उभा राहून चित्रण करणारा एकजण तोल जाऊन मागून थेट त्याच्यावर आला. ज्याला शर्यतीत कुणी गाठू शकलं नाही, त्याला दोन चाकांच्या गाडीने आडवा केला.

आणि मोजणाऱ्यांची परंपरा तर त्याहून थोर. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या फेऱ्या मोजणारा एक फेरी मोजायलाच विसरला. सगळे एक फेरी जास्त पळाले. फिनलंडचा इसो-होलो तरीही पहिलाच आला, पण अमेरिकेचा मॅक्लस्की त्या फुकटच्या फेरीत दुसऱ्याचा तिसरा झाला. पायाला दाबयंत्र लावा नाहीतर आणखी काही, शेवटी कुठेतरी एक माणूस बोटं मोजत उभा असतोच, आणि माणूस म्हटला की त्याचं लक्ष जायचंच.

युजीनला साबळे अकरावा आला, ८ मिनिटं ३१.७५ सेकंदांत, मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली पहिला. साबळेची स्वतःची उत्तम वेळ तेव्हा याहून १९ सेकंदांनी सरस होती. कॅमेरावाल्यामुळे हरला असं म्हणायची मला फार इच्छा आहे, पण तसं काही नाही. शर्यतच सावकाश गेली आणि शेवटच्या झपाट्यात तो मागे राहिला.

तीन आठवड्यांच्या आत, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, त्याने उट्टं काढलं. १९९८ पासून तिथे या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच घेऊन जात होता. साबळे त्यांच्यात घुसला तो ८:११.२० चा राष्ट्रीय विक्रम करून, रौप्यपदकासाठी. पुढचा अब्राहम किबिवोट ८:११.१५. शेजारच्या काकांना मी हे सांगायला गेलो, तर त्यांनी विचारलं, "पाच शतांश म्हणजे किती रे?" दाखवावं म्हणून मी चुटकी वाजवायला गेलो, पण अंगठा मधल्या बोटावर टेकेपर्यंतच ते केव्हाच होऊन गेले होते.