अष्टपेला व्रत : संकल्प, विधी आणि उद्यापन

रोज आठ पेले पाणी पिण्याचं व्रत कोणीही करावं. त्याला वय, ऋतू, व्यवसाय, प्रकृती यांपैकी कशाचीच अट नाही, आणि हाच या व्रताचा मोठेपणा. मे महिन्यात चंद्रपूरला स्लॅबवर राबणाऱ्या गवंड्याला आठ, आणि जुलैत महाबळेश्वरला शाल पांघरून पाऊस बघत बसलेल्यालाही आठच. संकल्प सोडण्यापूर्वी पेला तेवढा ठरवून घ्यावा. मूळ अमेरिकन विधीत तो आठ औंसांचा, म्हणजे साधारण २३७ मिलिलिटरचा असतो. असे आठ झाले की १.९ लिटर भरतं. आपल्याकडे घरातलं फुलपात्र, ऑफिसातला कागदी कप, उडपी हॉटेलातला स्टीलचा ग्लास आणि पाहुण्यांसाठी वरच्या फळीवर ठेवलेला काचेचा पेला यांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत. ज्याला व्रत लवकर आटपायचंय त्याने कागदी कप घ्यावा, पुण्य जास्त हवं असेल त्याने तांब्या. तांब्या वरून, तोंडाला न लावता पिणाऱ्यांनी शर्टावर सांडलेलं पाणी हिशेबात धरू नये.

व्रत म्हटलं की कहाणी आलीच. १९४५ साली अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या अन्न आणि पोषण मंडळाने आहाराच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत असं होतं की प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी पुरतं. खाल्लेल्या प्रत्येक कॅलरीमागे एक मिलिलिटर असा सरळ हिशेब. त्याच्या लगोलग असंही होतं की यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं. आकडा लोकांच्या तोंडी राहिला, पुढचं वाक्य गळालं, आणि आठ पेल्यांचा नेम बहुधा त्यातूनच निघाला असं काही अभ्यासक मानतात. डार्टमथच्या वैद्यकीय महाविद्यालयातले मूत्रपिंडाचे अभ्यासक हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ साली या नेमाचा शास्त्राधार हुडकायला घेतला. समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या, बैठं काम करणाऱ्या निरोगी माणसाला आठ पेले प्यायलाच हवेत, असं दाखवणारा पुरावा काही त्यांना मिळाला नाही. यावर व्रतस्थ माणूस म्हणेल, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही आठ ग्लास, दोन लिटर असं छापलेलं होतं. होतं खरं. पण त्याच्याही पुढच्या वाक्यात कडक उन्हात आणि कष्टाच्या कामात ही गरज वाढते असं लिहिलेलं होतं. तेव्हा व्रताचा पहिला नियम असा की आकडा वाचावा आणि पान उलटावं.

दुसरा नियम जेवणाबद्दल. ताटातलं काहीही पाण्यात धरायचं नाही. शिजलेल्या भाताच्या वजनात दोन तृतीयांशाहून जास्त पाणी असतं, ते विसरावं. दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास, कलिंगडात नव्वदच्या वर, काकडीत पंचाण्णवच्या घरात, आणि आमटी-कढी-ताकाबद्दल तर बोलायलाच नको. पण यातल्या कशावर 'पाणी' असं लेबल नाही, त्यामुळे व्रतात ते चालत नाही. शिवाय खाल्लेलं अन्न जाळताना शरीर स्वतःच रोज पाव लिटर किंवा त्याहून थोडं जास्त पाणी तयार करतं, ते तर कोणी बघितलेलंही नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ साली पुरुषांना ३.७ आणि स्त्रियांना २.७ लिटर पाणी पुरेसं ठरवलं, तेव्हा तो आकडा खाणं-पिणं सगळं मिळून होता, आणि त्यातला पाचवा हिस्सा अन्नातून येतो असं सोबत सांगितलं होतं. पाव, चीज आणि बिस्किटांच्या जेवणातून पाचवा हिस्सा येत असेल, तर वरण-भात, पालेभाजी आणि शेवटी ताक असलेल्या जेवणातून किती येईल हे ज्याचं त्याने ताटाकडे बघून ठरवावं. २०१० साली युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने हेच गणित मांडलं तर पुरुषांना २.५ आणि स्त्रियांना २ लिटर निघालं. अटलांटिक ओलांडताच पुरुषाची गरज एक लिटरहून जास्त घटते, त्याचं कारण किडनीत नाही. दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी प्रामुख्याने लोक एरवी किती पाणी घेतात ते बघून आकडे बांधले होते, आणि सवयी जागोजागी वेगळ्या.

चहा तर व्रतात बादच. तो उलट पाणी काढून घेतो, असं व्रतस्थ मंडळी टपरीवर कटिंगचा घोट घेता घेता सांगतात. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०१४ साली कॉफीची सवय असलेल्या ५० पुरुषांना काही दिवस कॉफी आणि काही दिवस तेवढंच पाणी पाजून रक्त-लघवी तपासली. शरीरातल्या पाण्याच्या पातळीत फरक आढळला नाही. चहात कॅफीन सहसा कॉफीहून कमीच असतं. तेव्हा कटिंगही पाण्यातच जमा.

आता या व्रताचा गाभा : तहानेवर कधीही विश्वास ठेवू नये. 'तहान लागली म्हणजे उशीर झाला' हे वाक्य दिवसातून तीनदा म्हणावं. रक्तातल्या क्षारांची तीव्रता जराशी वाढली की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशींना ते कळतं, त्या किडनीला पाणी राखून ठेवायचा निरोप पाठवतात, आणि ही तीव्रता साधारण एक-दोन टक्क्यांनी वाढली की तहान लागते. शरीराला खरोखर त्रास होईल इतकं पाणी कमी व्हायला त्यानंतर बराच अवकाश असतो. म्हणजे तहान वेळेवर येते, आधी नाही आणि उशिराही नाही. पण अशा फुकटच्या यंत्रणेत शिस्त कुठली? त्यापेक्षा वेळा छापलेली बाटली घ्यावी. तिच्यावर वर '९ वाजता', मध्ये 'छान चाललंय' आणि तळाशी 'शाब्बास' असं लिहिलेलं असतं. कारकुनापासून मॅनेजरपर्यंत कोणालाही पहिलीनंतर इतकं कौतुक मिळालेलं नसतं.

इथे कोणी विचारेल, जास्त प्यायलं तर बिघडतं काय? सहसा काही नाही, मुतारीच्या फेऱ्या वाढतात एवढंच. पण किडनी ताशी साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर टाकू शकते. त्याहून वेगाने ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि मेंदूला सूज येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी झालेलं सापडलं, आणि त्याचा ठळक संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी होता. बेचाळीस किलोमीटर पळून वजन वाढवणं हा पराक्रम पाण्याशिवाय जमत नाही. पहाटे उषःपान म्हणून दीड लिटर एका दमात रिचवणाऱ्यांनी आपल्या पूर्वजांचा हवाला जरा जपून द्यावा. वाग्भटाने अष्टांगहृदयात ग्रीष्म आणि शरद सोडले तर निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावं असं सांगितलंय.

खरा आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि त्याला थट्टेत उडवता येत नाही. तहानेची यंत्रणा सगळ्यांची सारखी चालत नाही. वय वाढतं तशी तहान मंदावते. सत्तरीतल्या आजींना उन्हाळ्यात आठवण करून पाणी द्यावंच लागतं, त्यांच्या 'नको गं'वर जाऊ नये. मुतखडा होऊन गेलेल्यांनी तर मोजूनच प्यावं : इटलीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांपैकी २७ टक्क्यांना. हृदय किंवा किडनीच्या काही रुग्णांना उलट डॉक्टर पाणी कमी करायला सांगतात, आणि तिथे व्रत करणं धोक्याचं. विदर्भातल्या उन्हात राबणाऱ्याला तासाला लिटरभर घाम येऊ शकतो. त्याचे आठ पेले दुपारच्या जेवणाआधीच संपतात, आणि घामातून मीठही गेलेलं असल्यामुळे त्याला नुसत्या पाण्यापेक्षा मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत उपयोगी. २०२२ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात २३ देशांतल्या ५,६०४ माणसांच्या शरीरात रोज किती पाणी ये-जा करतं ते मोजलं होतं. उष्णता, दमट हवा, अंगमेहनत, गरोदरपण यांनी आकडा हलत राहिला, आणि कमी विकसित देशांतल्या लोकांची पाण्याची उलाढाल श्रीमंत देशांपेक्षा जास्त निघाली. ज्याला जास्त लागतं तो बाटली हातात घेऊन मीटिंगला बसलेला नसतो, एवढं यातून दिसतं. आठ हा आकडा त्याला कमी पडतो आणि बाटलीवाल्याला जास्त होतो.

आता उरला उद्यापनाचा विधी. प्यायलेलं पाणी दीड-दोन तासांत बाहेर पडायला निघतं, आणि बाटलीवर त्याबद्दल काही छापलेलं नसतं. पुरुषांसाठी या राज्यात भिंतीही चालतात. बाईने घरून निघताना पाणी प्यायचं नाही, परगावच्या एसटी स्टँडवर तर नाहीच, हा नेम अष्टपेल्याहून जुना आहे आणि जास्त निष्ठेने पाळला जातो. चौकात उभी असलेली वाहतूक पोलीस, दिवसभर फिरणारी विक्रेती, फडावर ऊस तोडणारी बाई यांची तहान ठणठणीत असते. त्या तिला दाबतात, आणि तुंबून राहिलेल्या लघवीने होणारं दुखणं अंगावर काढतात. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' नावाची चळवळ उभी राहिली ती याच कारणासाठी : पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, तेही मुतारी सापडली तर. तिथे पाणी किती प्यावं हा प्रश्न किडनीने सोडवलेला नसतो, नगरपालिकेने सोडवलेला असतो.

म्हणून संकल्प सोडण्याआधी कागद घेऊन बसावं आणि घरापासून कामापर्यंतच्या वाटेवरच्या मुताऱ्यांची यादी करावी. कुठली किती वाजता उघडते, कुठे कडी लागते, कुठे नळाला पाणी आहे, कुठे 'नादुरुस्त' अशी पाटी लटकवून आत झाडू-बादल्या ठेवल्यात, कुठे पाच रुपये सुटे मागतात, हे प्रत्येकीपुढे लिहावं. पाटीवाल्या खोडून काढाव्यात. उरतील तितकेच पेले घरातून निघताना भरून घ्यावेत.