बार्सिलोनाला दिलेला रविवार

क्रूझ सोमवारी, म्हणून रविवार बार्सिलोनाला द्यायचा, असा बेत घरी बसून ठरतो. बार्सिलोनाला तो कुणी कळवत नाही. रविवारी बोकेरिया मंडई बंद, बहुतेक दुकानांची शटरं खाली. साग्रादा फामिलिया चर्चचं बांधकाम १८८२ पासून सावकाश चाललंय. पण तिकीट आधी काढलेलं नसेल, तर तिथे घाई काय ती तुम्हालाच, आणि आत शिरायची वेळ मिळते परवाची.

मग पावलं वळतात रांब्ला रस्त्याच्या टोकाला, १८८८ च्या कोलंबसाकडे. भारताच्या वाटेवर निघून भलतीकडेच पोचलेला हा गृहस्थ ६० मीटर उंचीच्या स्मारकावर बोट रोखून उभा. अमेरिका पश्चिमेला, बोट मात्र भूमध्य समुद्राकडे. (आमचे टूर मॅनेजरही साधारण असाच रस्ता दाखवतात.) खाली सेल्फी काढणारे आपण, थेट भारतातून आलेले. त्याला उशिरा का होईना, माल पोचला.

स्थानिकांना हा माल फारसा नको आहे. जुलै २०२४ मध्ये त्यांनी पर्यटनाविरुद्ध मोर्चा काढला, तेव्हा काहींनी हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्यांवर चक्क पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. आपल्या ग्रुपमधल्या काकूंनी रंगपंचमी समजून फोटो मागितला असता, आणि रंग का नाही म्हणून तक्रारही केली असती.