दिवाणखान्यातील दर्यासारंग

मुंबईतील एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, जेथे पाहुण्याला पाय पसरण्याचीही पंचाईत, तेथे ज्या गृहस्थाने सोफा हलवून त्याच्या जागी चारशे लिटर समुद्र काचेच्या भिंतींत कोंडून ठेवला आहे, त्यास मी दर्यासारंग म्हणतो. याचा काटेकोरपणा विलक्षण. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, विशिष्ट गुरुत्व १.०२५, तपमान २६ अंश; यांत तिळभर फरक पडला की तो भरल्या ताटावरून उठतो, आणि रोजच्या नोंदींचे त्याचे दप्तर तर पेशव्यांच्या फडणिसानेही नावाजले असते.

मात्र हा सारा इतमाम जिच्या जिवावर चालतो, त्या विजेविषयी त्याचे धोरण निव्वळ श्रद्धेचे आहे. टाकीखालचे कपाट उघडावे, तर पाणी वर चढवणारा पंप, लाटा उठवणारे पंप, स्किमर, चिलर, दिवे अशा समस्त उपकरणांचे प्लग जमिनीवर लोळणाऱ्या एका एक्स्टेंशन बोर्डात खोचलेले, आणि पिनांच्या मुळाशी मिठाचा पांढरा थर चढलेला. बोर्ड भिंतीवर उंच लावून वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशीच गळून पडते, असे सुचवावे, तर झोळ दिसायला बरा दिसत नाही, असे उत्तर मिळते.

शंका फारच लावून धरली, तर त्याचा बिनतोड पुरावा सिद्धच असतो. "अहो, पाण्यात करंट असता तर मासे जगले असते का?" असे म्हणून तो बोटभर नारिंगी क्लाऊनफिशकडे अशा भरवशाने निर्देश करतो, जणू सरकारने त्याची विद्युत निरीक्षक म्हणून नेमणूकच केली आहे. वास्तविक पंपाचे वेष्टन तडकून २३० व्होल्ट पाण्यात उतरले, तरी जोवर त्यांना जमिनीकडे जाण्यास वाट नाही तोवर मासा खुशाल पोहत राहतो. ती वाट, ओल्या लादीवर अनवाणी उभा राहून कोपरापर्यंत हात बुडवणारा दर्यासारंगच मोकळी करून देतो, आणि खारे पाणी नळाच्या पाण्याहून सुमारे शंभरपट सुवाहक असल्यामुळे वाटेत कोणाची आडकाठीही नसते. बोटाच्या जखमेला ज्या मुंग्या येतात, त्या तो मिठाच्या खाती मांडतो. घरच्या मंडळींनी मात्र आपापला बंदोबस्त केलेला असतो. वहिनी त्या कोपऱ्यात रबरी सपाता घातल्यावाचून केर काढीत नाहीत.

अशाच एका घरी वहिनींनी अखेर परस्पर वायरमन बोलावला. ३० मिलिअँपिअर गळती होताच क्षणार्धात पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवायचा, हे ऐकताच सारंग बिथरला. "आणि रात्री तो पडून पंप बंद झाले, तर प्राणवायूवाचून माझी लेकरे तडफडतील, त्याचे काय?" मनुष्यहानीचा मुद्दा त्या वाटाघाटीत निघालाच नाही. वायरमन मुरलेला होता. त्याने दोन स्वतंत्र आरसीसीबी लावून पंप दोहोंवर वाटून द्यावे, म्हणजे एक पडला तरी दुसऱ्यावरचे पाणी खेळते राहील, अशी तोड काढली. माशांची हमी मिळताच मालकाची हरकत मिटली. तपासणीचे बटण दाबल्यावर दिवे गेले तर निळा टँग दचकणार तर नाही ना, एवढेच त्याने काकुळतीने विचारले.

"त्याला अगोदर सांगून ठेवा ना, साहेब," वायरमन म्हणाला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला.