जांभळ्या टायचे सिनेटर

वॉशिंग्टनमध्ये रविवारी सकाळी टीव्ही लावला की हे गृहस्थ भेटतातच. तसा हा एकच माणूस नव्हे, पण चॅनेल बदललं तरी फरक कळत नाही. वय सत्तरीपुढचं, केस रुपेरी, हुद्दा माजी सिनेटर आणि टाय जांभळा. रिपब्लिकनांचा लाल आणि डेमोक्रॅटांचा निळा मिसळला की हा रंग होतो, हे साहेब कुणी न विचारताच सांगतात.

विषय बंदुकांचा असो, करांचा असो की आरोग्यविम्याचा, साहेबांचं उत्तर ठरलेलं: "दोन्ही पक्षांनी एकत्र बसलं पाहिजे." बसून करायचं काय, हे विचारणं मात्र असभ्यपणाचं. मुलामुलीला लग्न करायचंय की नाही याची फिकीर न करता मानपान मिटवत फिरणारे मामा असतात ना, त्यातलीच ही जात.

जानेवारी 2011 मध्ये अध्यक्षांच्या वार्षिक भाषणाला दोन्हीकडचे बरेच खासदार खरोखरच मिसळून बसले. साहेबांना गहिवरून आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कर्जमर्यादेचं भांडण इतकं विकोपाला गेलं, की स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेचं पतमानांकन इतिहासात पहिल्यांदाच खाली आणलं. पण बसायची व्यवस्था उत्तम होती, असं साहेब अजून म्हणतात.

त्यांची आवडती गोष्ट रिपब्लिकन अध्यक्ष रेगन आणि डेमोक्रॅट सभापती टिप ओनील यांची. दिवसभर भांडायचे, संध्याकाळी सहानंतर मित्र! गोष्ट सांगताना साहेबांच्या हातात अदृश्य ग्लास येतो. तेव्हाच्या डेमोक्रॅटिक पक्षात दक्षिणेतले कट्टर परंपरावादी भरलेले होते आणि 1981 ची करकपात त्यांच्यापैकी अनेकांनी रेगनना मतं देऊन पार पाडली, ही बाजू गोष्टीत येत नाही. रिपब्लिकनांतही तेव्हा उदारमतवादी सापडत. पक्षच आतून मिसळलेले होते, म्हणून मतं फुटत. मतदार आणि पक्ष नीट वेगळे झाल्यावर नुसत्या व्हिस्कीने काय होणार?

बरं, एकी झाली तेव्हा काय झालं, तेही पाहू. 1964 चा टोंकिनच्या आखाताचा ठराव, ज्याने व्हिएतनाम युद्धाची वाट मोकळी केली, तो सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2 मतांनी झाला. ठेवींच्या बँका आणि शेअरबाजारात खेळणाऱ्या बँका यांच्यातली भिंत पाडणारा 1999 चा कायदा 90 विरुद्ध 8. इराक युद्धाची परवानगी, 2002, 77 विरुद्ध 23. यातल्या शेवटच्या दोन्ही वेळी साहेब बहुमतात होते. विषय निघाला की ते पाण्याचा घोट घेतात.

त्यांच्या बाजूने एक भक्कम दाखला आहे, तो नाकारू नये: 1964 चा नागरी हक्क कायदा. रिपब्लिकन नेते डर्कसन यांनी आपली माणसं वळवली नसती, तर दोन महिन्यांहून जास्त चाललेलं फिलिबस्टर, म्हणजे लांबलचक भाषणांनी मतदान अडवणं, मोडलंच नसतं. पण त्याआधीच्या वर्षी अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर वर्णभेदाविरुद्ध उतरलेल्या शाळकरी मुलांनी पोलिसांची कुत्री आणि अग्निशमनाचे फवारे अंगावर घेतले होते. साहेबांच्या भाषणात डर्कसन येतात, बर्मिंगहॅम येत नाही.

आणखी एक खोड. आपला पक्ष जिंकला की साहेब म्हणतात, "जनतेने कौल दिलाय." हरला की दुसऱ्या दिवशी जांभळा टाय बाहेर येतो आणि विजेत्यांनी मन मोठं करावं, असा लेख वर्तमानपत्रात छापून येतो. सध्या ते एका लॉबिंग कंपनीचे सल्लागार आहेत. तिथे दोन्ही पक्षांचे माजी खासदार शेजारीशेजारी बसतात, एकाच अशिलाचं काम करतात आणि कधीही भांडत नाहीत. देशाने आपल्याकडून शिकावं, असं साहेबांना मनापासून वाटतं.

साहेबांच्या पंथाची एक संघटनाही आहे, 'नो लेबल्स', 2010 साली निघालेली. 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीत दोन पक्षांचे दोघे एकाच तिकिटावर उभे करायचे, असा तिचा बेत होता. विचारलेल्यांपैकी अनेकांनी नकार दिला. एप्रिलमध्ये संघटनेने जाहीर केलं, की जिंकू शकेल असा उमेदवार मिळाला नाही, बेत रद्द.