भिंत चिऱ्याची नव्हती

रत्नागिरीतल्या माणसाचं चित्र काढायला बसलं की पुलंचा अंतू बर्वा आधीच ओटीवर येऊन बसलेला असतो. त्याला लांबूनच नमस्कार करावा आणि आपल्या वाटेला लागावं. आमचे काका त्या पिढीतले नव्हेत. त्यांच्या हातात स्मार्टफोन आहे, फोनमध्ये पुण्याच्या मुलाच्या पासवर्डवर चालणारं ओटीटी आहे, आणि नुकत्याच आलेल्या प्रत्येक पिक्चरबद्दल त्यांचं मत तयार आहे. तसे काका एक नाहीत. टिळक आळीत एक आहेत, नाचण्याला एक आहेत, साळवी स्टॉपला दोन आहेत आणि त्यांचं आपसात बोलणं नाही. पण संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर जे गाठतात त्यांच्यात हे सगळे थोडेथोडे आले.

लोक जेटीवर सूर्यास्त बघायला येतात. काका सूर्याकडे पाठ करून बसतात, कारण माणसं शहराकडून येतात.

"बघितलास?" हा पहिला प्रश्न. कुठला, ते आपण ओळखायचं. नाही म्हटलं तर "नको बघूस" म्हणतात आणि शेवटासकट गोष्ट सांगतात. हो म्हटलं तरी सांगतात, कारण आपण नीट बघितलेला नसतो.

काकांच्या तोंडून निघणारी सर्वांत मोठी पदवी म्हणजे "बरा आहे." अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, तिलासुद्धा काकांनी 'बरा आहे' एवढंच दिलंय, आणि तेही साने गुरुजींचं पालगड आपल्या जिल्ह्यात येतं म्हणून. मोकळ्या मनानं वाहवा केली की माणूस बांधला जातो. उद्या त्याच दिग्दर्शकाचा दुसरा पिक्चर पडला तर लोक विचारणार, "काका, तुम्ही तर म्हणाला होतात!" म्हणून प्रत्येक मताच्या मागे एक 'पण' उभा करून ठेवलेला असतो.

हा 'पण' कुठून येतो, ते त्यांच्या नोकरीवरून कळतं. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात गेला. पडद्यावर नायिका रडत असली तरी काकांची नजर तिच्या मागच्या भिंतीवर. 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा त्यांचा राहिला होता. २०२४च्या सप्टेंबरात तो पुन्हा लागला तसे हौसेनं गेले. तुंबाड हे खेड तालुक्यातलं, जगबुडीकाठचं खरं गाव. त्यात श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड घरी कपाटात, तेव्हा एका तिकिटात दोन खंड उरकतील असा हिशेब. आत जाऊन बघतात तर खोत नाहीत, हस्तर आहे.

"नाव तेवढं पेंडशांचं उचललान्," काका म्हणाले. "बरं, भूत तर भूत, त्याला माझी हरकत नाही. पण वाडा? काळा दगड! खेडात काळ्या दगडाचा वाडा कोण बांधील? इथं जांभा. चिरा कुठे दिसलाच नाही."

वाडा सासवडचा होता, असं मी सांगून बघितलं.

"तेच म्हणतोय मी. आणि पाऊस खरा हवा म्हणून म्हणे कितीतरी पावसाळे शूटिंग. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. जूनमध्ये यायचंन्, जुलैत घरी जायचंन्. भिजलेलं सामान वाळलं नसतं, ही गोष्ट वेगळी."

इमारत संपली की कागदपत्रं. 'नारबाची वाडी' (२०१३) हा खरं तर विनोदी पिक्चर. म्हाताऱ्या नारबाच्या वाडीवर खोताचा डोळा. नारबा मरेपर्यंत त्याला पैसे द्यायचे आणि मग वाडी आपली, असा खोत सौदा करतो, आणि नारबा काही मरत नाही. आख्खं थिएटर हसत होतं. काका हसले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या वाडीचा दावा वडिलांच्या वेळेपासून कोर्टात आहे. प्रभावळकरांचं काम कसं वाटलं, असं कुणीतरी विचारलं. "काम चांगलं आहे, पण सातबारा एकदासुद्धा दाखवला नाही. नोंद कुणाची, कूळ कोण, काही खुलासा नाही. अशा कागदावर खोत पैसे देईल?" मूळ नाटक बंगाली आहे, हे कळल्यावर मात्र त्यांनी सूट दिली. तिकडचा कूळकायदा वेगळा असेल.

'छावा' लागला तेव्हा पिक्चर बघून आले आणि दोन दिवस जेटीवर दिसले नाहीत. आले तेव्हा 'पण' नाही, काही नाही. फेब्रुवारी १६८९ मध्ये महाराज पकडले गेले ते आमच्या संगमेश्वरात, कसब्याला. ती जागा त्यांनी नोकरीत असताना कितीदा पालथी घातलेली, कर्णेश्वराच्या देवळाच्या पायरीवर बसून डबा खाल्लेला. "मध्यंतरानंतर बघवत नाही हो," एवढंच म्हणाले. डोळे लाल कशानं, तर थिएटरात एसी फार ठेवलेला. सगळे गप्प. ते गप्प राहणं काकांनाच सोसेना. "पण ते रान काही आपलं नव्हे. संगमेश्वरला एवढी मोकळी जागा असती तर हायवेचं काम केव्हाच पुरं झालं असतं."

'दशावतार'ला तर त्यांनी हद्दीचाच प्रश्न काढला. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला. तेव्हापासून तिकडचं तिकडे. "दशावतार त्यांचा. आपलं नमन, आपले खेळे, आपली जाखडी. त्याच्यावर कोण पिक्चर काढतोय?" पिक्चर मात्र त्यांनी दोनदा बघितला. दुसऱ्यांदा का, तर काकूंना एकटं कसं पाठवायचं.

'श्वास'वर बोलायचा हक्क ते कुणालाच देत नाहीत. २००४ साली तो ऑस्करला निघाला तेव्हा खर्चासाठी लोकांनी पैसे उभे केले, त्यात काकांचे अकरा रुपये होते. त्यामुळे त्या पिक्चरबद्दल ते प्रेक्षक म्हणून बोलतच नाहीत, भागीदार म्हणून बोलतात. नामांकन हुकलं, याचा हिशेब त्यांना अजून कुणी दिलेला नाही.

न बघितलेल्या पिक्चरांबद्दलची मतं सर्वांत पक्की. बघितलेल्याबद्दल एखादा वाद घालू शकतो, न बघितलेल्याबद्दल घालणार कसा? पोस्टरवर नायकाच्या हातात बंदूक दिसली की "रक्तपात", नसली की "रडका". एवढ्यावर तिकिटाचे पैसे वाचतात आणि मत फुकटात पडतं. त्यांची चेष्टा करायला मला फार जागा नाही, कारण शुक्रवारी काय लागलंय हे मी अजूनही त्यांनाच विचारतो. गावात एवढ्या आस्थेनं सांगणारं दुसरं कोण आहे? तरुण पोरं चार तारे देऊन मोकळी होतात.

मध्यंतरी भाट्याला एका पिक्चरचं शूटिंग झालं. बघ्यांच्या गर्दीतून काही माणसं कॅमेऱ्यासमोर उभी करायची होती, त्यात काका सापडले. पिक्चर लागल्यावर आख्ख्या आळीला फोन. जेटीवर आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

"बघाच!" हा शब्द काकांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. "छायाचित्रण उत्तम. सुरूबन काय आलंय! डाव्या बाजूला लक्ष ठेवा, तिसऱ्या सुरूच्या मागं."

"आणि गोष्ट काय आहे, काका?"

"गोष्ट असेल रे काहीतरी. एवढी बाकीची माणसं घेतलेलान्, त्यांना काहीतरी काम नको?"